बाटली चढली, वाटी उतरली

आवाजाच्या वहीतली ही उन्हाळी नोंद. हिवाळ्यात ज्यांनी पट्टीचा खेळ करून पाहिला त्यांना आपलं सूत्र आठवत असेल. कुठलीही वस्तू वाजली की दोनच प्रश्न विचारायचे: वजन कुणाचं आणि स्प्रिंग कोण? वजन जागेवरून हललं की स्प्रिंग त्याला मागे खेचते, ते वेगात असल्यामुळे थांबत नाही, पलीकडे जातं, पुन्हा खेचलं जातं. स्प्रिंग ताठ तर सूर वर, वजन जास्त तर सूर खाली. पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी जाड स्टीलची पट्टी टेबलाच्या काठावर दाबून 20 सेंटीमीटर बाहेर काढली, तर ती डुलताना दिसते पण ऐकू येत नाही, कारण तिचा कंप 16 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 16 हेलकाव्यांच्या, आसपास असतो. 10 सेंटीमीटरवर आणली की 65, पाचवर आणली की 260. लांबी निम्मी, सूर चौपट.

इथवर सगळं ठीक. पण पट्टीत वजन आणि स्प्रिंग दोन्ही डोळ्यांसमोर असतात, बाकीच्या वस्तूंत नसतात. म्हणून या वेळी ठरवलं की वस्तू तापवायची आणि सूर कुठे जातो ते बघायचं. ऊन लागलं की काहीतरी बदलणारच. ते वजन की स्प्रिंग, हे शोधून काढायचं. नागपूरकरांना यासाठी भट्टी लागत नाही. जानेवारीत एखाद्या पहाटे गच्चीवर पारा 10 अंशांना टेकतो आणि मे महिन्यात दुपारी 45 वर जातो. 35 अंशांचा फरक, तोही फुकटात.

साधनं तीच. मोबाइल, स्पेक्ट्रम (आवाजात कोणकोणते सूर किती आहेत याचा आलेख) दाखवणारं ॲप, आणि सावलीत टांगलेला थर्मामीटर. नव्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो: आवाज जितका वेळ टिकेल तितकी मोजणी बारीक होते. एक सेकंद टिकणारा सूर साधारण एका हर्ट्झपर्यंत पकडता येतो. स्टीलच्या पेल्यावर नखाने टक् केलं आणि आवाज लगेच मेला, तर ॲपवर टेकाडासारखा पसरट डोंगर येतो आणि त्याचं टोक कुठलं यावर आपण आपल्याशीच वाद घालत बसतो. त्यामुळे बारीक फरक शोधायचा तर वस्तू लांब वाजणारी हवी.

पहिली बाटली. संत्र्याच्या स्क्वॅशची रिकामी काचेची बाटली, आतून पूर्ण वाळवलेली. मानेतला हवेचा दट्ट्या हे वजन, पोटातली हवा ही स्प्रिंग. फुंकून वाजवायचा मोह सोडा. आपली फुंकर दमट आणि अंगाच्या उबेची असते. जानेवारीच्या पहाटे तीच मानेत शिरली तर आपण बाटली मोजत नाही, स्वतःची फुफ्फुसं मोजतो. त्याऐवजी तळव्याने तोंडावर हलकी चापट मारून हात पटकन उचलायचा. ‘पुब्’ असा आखूड आवाज येतो. तो आखूड असल्याने एका चापटीवर भरवसा ठेवायचा नाही, बऱ्याच चापट्यांची सरासरी घ्यायची. सूर हार्मोनियमच्या नेमक्या पट्टीवर आणायला मी आत काचेच्या गोट्या टाकल्या. पाणी टाकलं असतं तरी पोट लहान झालं असतं, पण उन्हात त्याची वाफ होते, वाफ मिसळली की हवा हलकी होते आणि सूर त्यामुळेही चढतो. मग चढ उन्हाचा किती आणि वाफेचा किती, हे वेगळं करत बसावं लागतं.

थंडीत ही बाटली पांढरी सातच्या आसपास लावली होती, म्हणजे 123 हर्ट्झच्या जरा वर. मे महिन्यात भर दुपारी तीच बाटली, त्याच गोट्या, आणि सूर वरच्या पांढरी एकवर, 130 ते 131. पूर्ण अर्धा स्वर. हार्मोनियमवर शेजारची पट्टी. हिशेबही हेच सांगतो: हवेतला आवाजाचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 10 अंश म्हणजे 283 केल्विन, 45 अंश म्हणजे 318. भागाकाराचं वर्गमूळ 1.06. अर्ध्या स्वराचं गुणोत्तरही 1.06च्या अगदी लगत. नागपूरच्या पहाटेपासून दुपारपर्यंतचं अंतर बरोबर एका पट्टीचं निघावं, हा योगायोगच, पण काय सुंदर योगायोग!

शेजारचे काका तेवढ्यात कपडे काढायला गच्चीवर आले होते. “काय रे बाबू, भर उन्हात बाटली घेऊन काय करून राहिला?” “सूर पाहून राहिलो, काका.” “चढली का?” म्हटलं, हो, अर्धा स्वर चढली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याची नोंद वहीत केलेली नाही.

आता आपला प्रश्न. सूर चढला म्हणजे हवेची स्प्रिंग ताठ झाली, असं वाटतं ना? तसं नाही. बाटलीचं तोंड उघडं आहे. आतला दाब बाहेरच्याइतकाच राहतो, आणि हवेच्या स्प्रिंगचा ताठपणा त्या दाबावर ठरतो, तापमानावर नाही. उन्हाने जास्तीची हवा मानेतून बाहेर गेली, उरलेली विरळ झाली. म्हणजे मानेतला दट्ट्या हलका झाला. स्प्रिंग तीच, वजन घटलं. याच कारणाने आपलं शहर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर आहे आणि इथे दाब थोडा कमी असतो याने बाटलीला काही फरक पडत नाही: दाब कमी झाला तर स्प्रिंग ढिली होते आणि हवा त्याच प्रमाणात हलकीही होते. दोन्ही एकमेकांना खोडतात. रत्नागिरीची बाटली आणि नागपूरची बाटली त्याच तापमानाला त्याच सुरात वाजते.

या स्प्रिंगने न्यूटनलाही चकवलं होतं. 1687च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने हवेतल्या आवाजाचा वेग काढला तो खऱ्यापेक्षा सुमारे 15 टक्के कमी निघाला. हवा दबली की तापते आणि ती ऊब बाहेर पडायला वेळच मिळत नाही, त्यामुळे स्प्रिंग वाटते त्याहून 1.4 पट ताठ असते. ही दुरुस्ती फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने 1816मध्ये मांडली.

दुसरी वस्तू काशाची वाटी. तळपायाला तूप चोळायची, प्रत्येक घरात कुठेतरी पडलेली असते ती. तीन बोटांच्या टोकांवर तोलून लाकडी चमच्याने कडेला टोकलं की ती कितीतरी वेळ गात राहते. नीट कान दिला तर सूर सरळ येत नाही, हेलकावे घेत येतो. वाटी हाताने ठोकून घडवलेली, कुठे जाड, कुठे पातळ. त्यामुळे तिचा एकच कंप दोन जवळजवळच्या सुरांत फुटतो आणि ते दोघे कधी एकमेकांना उचलून धरतात, कधी दाबतात. कडेवर टोकायची जागा हळूहळू सरकवत गेलं तर एका ठिकाणी हेलकावे पूर्ण थांबतात. तिथे दोनांपैकी एकच सूर जागा होतो. त्या जागी पेन्सिलने खूण केली आणि सगळी मोजणी तिथेच टोकून केली.

माझ्या वाटीचा सूर 1,400 हर्ट्झच्या थोडा वर. बाटलीच्या हिशेबाने हिने मे महिन्यात 80-85 हर्ट्झ चढायला हवं होतं. ती उतरली. फक्त आठ-नऊ हर्ट्झ, म्हणजे टक्काभरही नाही, पण उतरली, आणि सावलीत आणून थंड केल्यावर परत वर आली. तिचं वजन ऊन लागून बदलत नाही. स्प्रिंग मात्र ढिली होते: धातूतले अणू तापले की जरा जास्त डोलतात, एकमेकांपासून किंचित लांब सरकतात आणि त्यांची परस्परांवरची पकड सैल पडते. काशाचा ताठपणा अंशामागे टक्क्याच्या काही शतांश इतकाच कमी होतो, सुरात त्याच्या निम्माच फरक उमटतो, म्हणून इतकी लहान घट. कान हे पकडत नाही. ॲप पकडतं, कारण वाटी लांब वाजते.

बासरी आणि सतार एकत्र वाजवणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहेच. हॉल तापला की बासरी चढते, तारा उतरतात. तारेचं कारण मात्र वाटीसारखं नाही. तार लांबते, ताण जातो. लाकडी फळीवर सतारीची एक तार ताणून उन्हात ठेवली तर सूर सहज अर्ध्या स्वराहून जास्त खाली आला. पोलादाची पकड सैल झाल्याचा वाटा त्यात अगदी किरकोळ. मुख्य भानगड लांबीची.

मग तिसरी वस्तू, आणि माझ्या मते या उन्हाळ्यातली सगळ्यात मजेशीर: रबरबँड. संत्र्याच्या पेटीची फळी, दोन खिळे, मध्ये ताणलेलं जाड रबर. लाकूड रेषांच्या दिशेने फारसं फुगत नाही, म्हणून फळी. पहिला इशारा: रबर ताणून महिनाभर ठेवलं तर ते आपोआप सैलावत जातं, त्यामुळे जानेवारी-मे अशी तुलना इथे चालत नाही. एकाच दिवसात काम उरकायचं. मी फळी आधी फ्रिजमध्ये ठेवली (घरच्यांना सांगून), पाच अंशांवर वाजवली, आणि मग गच्चीवर सावलीतल्या गरम हवेत नेऊन वाजवली.

तारेच्या अनुभवाने कुणीही म्हणेल, रबर तापलं की ढिलं पडेल, सूर उतरेल. सूर चढला. पाच टक्क्यांच्या आसपास. लांबी तीच, वजन तेच, आणि स्प्रिंग ताठ झाली!

रबराची स्प्रिंग अणूंच्या पकडीची नाहीच. त्याच्या आत लांबलचक साखळ्या असतात, सतत वळवळणाऱ्या. आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत गर्दीतून आडवा दोर धरून दोन टोकांना दोघे उभे राहिले, तर गर्दीच्या रेट्याने दोर वाकडातिकडा होतो आणि टोकं आत खेचली जातात. रेटारेटी वाढली की ओढही वाढते. रबरात ती रेटारेटी म्हणजे उष्णता. तापमान वाढलं, वळवळ वाढली, ओढ वाढली. आदर्श रबराचा ताण निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सूर पुन्हा वर्गमुळाच्या. म्हणजे बाटलीचंच गणित! पाच अंशांवरून 45वर जाताना ते जवळजवळ सात टक्के यायला हवं. खरं रबर इतकं आदर्श नसतं, त्यात थोडा वाटा रेणूंच्या साध्या पकडीचाही असतो, म्हणून पाच.

हे ओठांनी तपासता येतं. जाड रबरबँड ओठांना लावून झटकन ताणा: ऊब लागते. ताणलेलंच धरून काही सेकंद थांबा आणि एकदम सोडा: गारवा लागतो. इंग्लंडमधल्या केंडलच्या जॉन गॉफने ही गोष्ट 19व्या शतकाच्या सुरुवातीला अशीच ओठांनी ओळखून लिहून ठेवली, 1805मध्ये ती छापली गेली. गॉफ लहानपणापासून आंधळा होता. पुढे 1859मध्ये जूलने मोजमापं घेऊन तिला पक्कं केलं. तापलेलं रबर जोर लावतं ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. गॉफच्या ओठांना जे कळलं ते आपल्याला कानांनी कळतं, एवढाच फरक.

तर तीन वस्तू, एकच ऊन. बाटलीत वजन घटलं. वाटीत स्प्रिंग ढिली झाली. रबरात स्प्रिंग ताठ झाली. तापवून सूर कुठे जातो हे पाहिलं की आतली स्प्रिंग कोणत्या जातीची आहे ते कळतं, आणि यापुढे कुठलीही नवी वस्तू वहीत आली की मी हीच चाचणी आधी लावणार आहे.

कुलरबद्दल दोन शब्द, कारण मे महिन्यात नागपुरात कुलरशिवाय रेकॉर्डिंगच होत नाही. घरातल्या प्रत्येक स्पेक्ट्रमवर दोन काटे कायम उभे. एक 100 हर्ट्झवर: वीज 50 हर्ट्झची, पण मोटरमधलं चुंबक विजेच्या एका आवर्तनात दोनदा खेचतं. दुसरा 70च्या आसपास: मोटर मिनिटाला 1,400च्या जवळपास फिरते, म्हणजे सेकंदाला 23 फेऱ्या, आणि पाती तीन. हे दोन सूर स्वतः फार मोठे नसतात. त्यांच्या सुराशी जुळणारा पत्रा सापडला की तो खडखडाट सुरू करतो. चालू कुलरच्या एकेका पत्र्यावर तळहात दाबत जा. ज्या पत्र्यावर हात ठेवल्यावर आवाज बसतो, तो चोर. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा स्क्रूखाली घातला की रात्र शांत जाते. वजन वाढतं ते थोडंच, पण रबर हालचाल गिळतं. बाटलीची मोजणी मात्र कुलर बंद करूनच करा, आणि ती पाच मिनिटं घरच्यांच्या नजरेस नजर देऊ नका.

एप्रिलमधलं एक टिपण राहून गेलं होतं. माठ घेताना बोटाच्या पेराने टकटक करतात, खणखणीत वाजला तर घेतात, बद्द वाजला तर बाजूला ठेवतात. बारीक तडा गेलेला असेल तर तड्याचे दोन ओठ एकमेकांवर घासतात आणि कंप तिथेच खाऊन टाकतात. हाच खणखणीत माठ घरी आणून रात्रभर भरून ठेवा, सकाळी रिकामा करून वाजवा: सूर उतरलेला आणि आखूड. छिद्रांत पाणी बसलं. इथेही वजन.

कॉफीचा मग करून पाहिला नसेल तर आजच करा, यात ॲपही लागत नाही. मगात कडक गरम पाणी घ्या, इन्स्टंट कॉफी टाका, ढवळा आणि लगेच चमच्याने आतून तळाला ठोकत राहा. आधी ‘ठप् ठप्’ असा खालचा आवाज येतो, मग ठोकता ठोकता तो चढत जातो, दोन-तीन सप्तकांपर्यंत. पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटतं. पावडरीबरोबर बारीक बुडबुडे सुटतात. बुडबुडे ही मऊ स्प्रिंग, पाणी हे जड वजन. दोघं एकत्र आले की आवाजाचा वेग कोसळतो. शुद्ध पाण्यात तो सेकंदाला 1,480 मीटरच्या आसपास असतो. शेकडा एक भाग बुडबुडे मिसळले की 120च्या आसपास, म्हणजे नुसत्या हवेतल्यापेक्षाही कमी! बुडबुडे वर जाऊन फुटत गेले की वेग परत येतो आणि सूर चढतो. फ्रँक क्रॉफर्ड यांनी 1982मध्ये यावर लेख लिहिला, तेव्हापासून याला गरम चॉकलेटचा परिणाम म्हणतात. इनो टाकून पाहिलं तर फसफस चालू असेपर्यंत सूर खालीच अडकून बसतो.

पाऊस पडला की पुढचं काम तबल्याचं. नागपूरच्या महाल भागातल्या एका तबला दुरुस्त करणाऱ्या भाऊंना विचारलं, उन्हाचा परिणाम होतो का? “उन्हापेक्षा हवेतली ओल पाह्य ना भाऊ. उन्हाळ्यात चढते, पावसाळ्यात उतरते. हातोडीले सुट्टी नाही.” चामडं कोरड्या हवेत आखडतं, दमट हवेत ओल पिऊन सैलावतं. म्हणजे तापमानाऐवजी आर्द्रता मोजायला हवी, आणि नागपूर तिथेही कमी पडत नाही: मे महिन्यात ओठ फुटतात, जुलैत कपडे वाळत नाहीत.

तबल्यात मला आणखी एक पाहायचं आहे. गणितातल्या साध्या, सगळीकडे सारख्या पडद्याचे सूर 1, 1.59, 2.14, 2.30 अशा वेड्यावाकड्या गुणोत्तरांत येतात, म्हणून कोऱ्या चामड्याची डफली नुसती धडधडते. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, मधोमध शाई (तो काळा गोल लेप) बसते, वजन मध्यभागी वाढतं, आणि सूर 1, 2, 3, 4 असे ओळीत येतात. हे सी. व्ही. रमण यांनी एका सहकाऱ्यासोबत 1920मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, आणि 1934मध्ये भारतीय तालवाद्यांवर सविस्तर लिहिलं. हेच रमण 1910मध्ये सरकारी हिशेब खात्यातल्या नोकरीत बदली होऊन नागपुरात आले होते, वर्षभरात बढतीवर कलकत्त्याला गेले. आपल्या रमण विज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहेच. मला बघायचंय ते असं: पुडी ओल पिऊन उतरली तर हे सगळे सूर एकत्र, त्याच ओळीत उतरतात, की ओळ मोडते? शाई आणि चामडं सारखंच पाणी पीत असेल असं मला वाटत नाही. तसं असेल तर ओळ किंचित का होईना मोडायला हवी.

कोकण-मुंबईकडच्या मंडळींनी बाटलीच्या नादी लागू नये, तुमच्याकडे तापमान हलतच नाही. तुम्ही तबला घ्या. खोलीतली आर्द्रता लिहा, गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ज्यांनी ताण बदलतो) हलवू नका, आणि शाईच्या कडेला बोट हलकं टेकवून वरचे सूर वेगळे काढा. विदर्भातल्यांनी डिसेंबरसाठी आत्ताच एक बाटली वाळवून, गोट्या घालून, बूच लावून ठेवा. गोट्या टाकताना बाटली आडवी धरा, नाहीतर तळ जातो.